नोराचा बाबा

ड्युसेलडॉर्फच्या विमानतळावर केतकी आणि जावई निखिल दोघंही घ्यायला आले होते. लेक दिसली आणि मी आधी तिचा चेहराच वाचायला लागलो. गेल्या हिवाळ्यात, सातव्या महिन्यात, तिचं बाळ पोटातच गेलं होतं. माझ्या पत्नीच्या, सुलभाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन तेव्हा नुकतंच झालेलं, त्यामुळे आम्हा दोघांनाही जाता आलं नाही. फोनवर बोलायचो ते तिकडच्या बर्फाविषयी आणि इकडच्या पाणीटंचाईविषयी. आता उन्हाळ्यात मी एकटाच आलो होतो. सांगलीहून निघताना सुलभाने बजावलं होतं, "अहो, तिला काही विचारू नका. खपली निघेल."

म्हणून सुरुवातीचे दिवस आम्ही ऱ्हाईन नदीच बघितली. वाळू वाहून नेणारे लांबलचक पडाव, काठावर उन्हात पाय पसरून बसलेली माणसं. केतकी हसायची, जेवायला वाढायची, ऑफिसच्या मीटिंगा करायची. मध्येच खिडकीशी उभी राहायची, तेव्हा मी पेपर उघडायचो. जर्मन पेपर, मला एक अक्षर कळत नव्हतं.

शनिवारी निखिल म्हणाला, "बाबा, मॅचला येता का? केतकीही येतेय."

मी आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली आणि कबड्डीचा पंच म्हणून जिल्हा पालथा घातला. मैदान म्हटलं की माझे पाय आपोआप चपलेत जातात. पण हा फुटबॉल वेगळाच निघाला. अमेरिकन फुटबॉल! चेंडू नारळासारखा, खेळाडूंच्या डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर चिलखत. रेल्वेत निखिलने नियम समजावले. मला कळलं ते एवढंच, की क्वार्टरबॅक हा संघाचा मेंदू. चेंडू त्याच्या हातात येतो आणि समोरचे सगळे त्याचीच पकड करायला धावतात.

"आपला क्वार्टरबॅक टायलर अमेरिकेतून आलाय," निखिल म्हणाला. मग आवाज खाली आणला. "त्याची मुलगी इथेच झाली. नोरा. आठ-नऊ महिन्यांची असेल. मार्चमध्ये पाळण्यात झोपली ती उठलीच नाही. त्यानंतर आज तो पहिल्यांदा खेळायला उतरतोय."

मी केतकीकडे पाहिलं नाही. तीच म्हणाली, "गेल्या मोसमात मॅचला कानांवर हे एवढे मोठे हेडफोन लावून यायची, बाबा. ढोलाच्या आवाजाने दचकू नये म्हणून."

मैदान एका छोट्या गावाच्या कडेला होतं, मागे मक्याचं शेत. निखिलने कागदाच्या द्रोणात पोमेस (बटाट्याच्या तळलेल्या फोडी) आणून दिले. वर पांढरंशुभ्र काहीतरी होतं. मी चक्का समजून बोटभर चाटलं, ते मेयोनेज निघालं आणि मी तोंड वाकडं केलं. शेजारची बाई खो खो हसली. हीच बिर्गिट. साठी उलटलेली, गावात बेकरी चालवणारी, गळ्यात संघाचा मफलर. गेली कित्येक वर्षं ती चाहत्यांच्या स्टँडची पुढारीण होती. केतकीला तिने घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही.

निखिल दुभाष्या झाला, आणि मी तिला विचारलं, "त्या पोराचा इथं कोणीच नातेवाईक नव्हता. मग कसं केलंत?"

"आम्हाला काय बोलावं ते सुचेना," बिर्गिट म्हणाली. "मग आम्ही आइन्टोप्फ (एकाच भांड्यात शिजवलेलं डाळी-भाज्यांचं दाट कढण) केलं. रोज एका घराची पाळी. दारात भांडं ठेवायचं, बेल वाजवायची नाही. त्यांना दार उघडावंसं वाटलं तर उघडतील. तुमच्या मुलीने पिवळा भात नेला होता."

"मुगाची खिचडी," केतकी हळूच म्हणाली. हे मला माहीत नव्हतं.

मी म्हणालो, "आमच्याकडेही दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी जेवण आणतात. त्याला कडू घास म्हणतात."

निखिलने ते सांगितलं. बिर्गिटने मान डोलावली. "गेनाऊ (अगदी बरोबर)," म्हणाली. "कडूच."

मग तिने बाकीचं सांगितलं. क्लबने सामन्याआधी शांतता पाळायची ठरवली होती. टायलरची बायको मेगन हिने बिर्गिटला बोलावून सांगितलं, शांतता नको. घरात शांतताच आहे. सगळे आमच्याशी जपून बोलतात आणि तिचं नाव कोणी घेत नाही.

"मग?" मी विचारलं.

"बघा आता," बिर्गिट म्हणाली आणि ढोलवाल्यांकडे गेली.

इथे रीत अशी, की निवेदक खेळाडूचं पहिलं नाव पुकारतो आणि प्रेक्षक एका सुरात आडनाव ओरडतात. एकेक खेळाडू फुगवलेल्या रबरी बोगद्यातून धावत बाहेर आला. ढोल थांबला. निवेदक म्हणाला, "टायलर!"

आणि अख्खा स्टँड गरजला, "नोरास पापा!"

नोराचा बाबा. निखिलला भाषांतर करावं लागलं नाही. उंच, लालसर दाढीचा तो पोरगा बोगद्याच्या तोंडाशी थबकला. त्याने हेल्मेट काढून छातीशी धरलं. लोकांनी पुन्हा हाक दिली. या वेळी समोरच्या बाजूने, हॅनोव्हरहून आलेल्या पाहुण्या संघाच्या माणसांनीही ती उचलली. मी शेकडो सामने पाहिलेत, विरोधी गटाच्या तोंडून असला आवाज ऐकला नव्हता. टायलरने बाहीने डोळे पुसले, हेल्मेट चढवलं आणि मैदानात धावला.

पहिलाच चेंडू त्याने थेट हॅनोव्हरच्या खेळाडूच्या हातात फेकला. कोणी हुर्यो उडवली नाही. ढोल वाजत राहिला. नंतर त्याचा हात बसला, दोन सुरेख लांब फेकी जमल्या, तरी शेवटी सामना गेला. एकही माणूस आधी उठला नाही.

सामना संपल्यावर खेळाडू कुंपणापाशी येऊन चाहत्यांना भेटतात. टायलरबरोबर मेगनही आली. लोक रांगेने हात पुढे करत होते, फार बोलत नव्हते. माझी पाळी आली. मला इंग्रजी सुचेना. मी कुंपणावरून हात लांबवून त्याच्या घामेजल्या डोक्यावर ठेवला आणि म्हणालो, "शाब्बास, पोरा." त्याने मान खाली केली, हात काढेपर्यंत तशीच ठेवली.

पलीकडे मेगनने केतकीचे दोन्ही हात धरले होते. तिने काहीतरी विचारलं. केतकीने उत्तर दिलं. त्या भरभर इंग्रजीतून एकच शब्द मला स्वच्छ ऐकू आला: "ओवी."

माझ्या नातीचं नाव मी परक्या देशात, कुंपणाशी उभा राहून ऐकलं.

परतीच्या गाडीत केतकी माझ्या शेजारी बसली. मी म्हणालो, "ओवी. फार गोड नाव ठेवलंस."

ती बाहेर बघत होती. "तुम्ही कधी विचारलंच नाही, बाबा."

"आईला वाटलं, तुला त्रास होईल."

"त्रास होतोच. पण तिच्याबद्दल बोलायला आवडतं मला." मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि स्टेशन येईपर्यंत ओवीबद्दल बोलली. पुढे मी परत निघेपर्यंत बोलत होती.

जर्मन माणसं थंड असतात, असं निघताना मला चार जणांनी सांगितलं होतं. मी पाहिलेली माणसं कमी बोलणारी होती. पण बेल न वाजवता दारात जेवण ठेवायचं कधी आणि घसा फोडून नाव घ्यायचं कधी, हे त्यांना कळत होतं. त्या दुःखी आईने सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि तसंच केलं. मला त्यांचं मोठेपण वाटलं ते त्यात.

सांगलीला पोचलो. सुलभाने दार उघडलं, बॅग आत घ्यायच्या आधी विचारलं, "केतकी कशी आहे?"

"बरी आहे. आपल्या नातीचं नाव ओवी होतं."

ती दाराला धरून उभी राहिली. ओठांतल्या ओठांत तिने ते नाव एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "मला फोन लावून द्या."

मी नंबर लावून दिला. सुलभा झोपाळ्यावर बसली आणि पलीकडून 'आई' ऐकू येताच म्हणाली, "केतकी, आपली ओवी कुणासारखी दिसत होती गं?"

पलीकडून केतकी बोलायला लागली.