बापाचं जाळं मी कापलं

तुमचा बाप समोर, चार हातांवर असताना तुम्ही कधी त्याला ओळख दाखवायची टाळली आहे का?

मी टाळली आहे. गेल्या हिवाळ्यात, रविवारी सकाळी, नाशिकच्या पश्चिमेच्या धरणावर. दहा-बारा लोकांदेखत.

धरणाच्या काठावर एक क्लब आहे. शहरातली माणसं तिथे तब्येत कमवायला येतात. कोणी कयाक वल्हवतं, कोणी फळीवर उभं राहून तोल सांभाळतं, कोणी शिडाची होडी शिकतं. जिमला कंटाळलेली, पाठ धरलेली, पोट सुटलेली माणसं. मी त्यांची प्रशिक्षक होते. त्या दिवशी एका डॉक्टरांना शीड शिकवत होते. वारा चांगला होता. होडी मजेत पळत होती आणि एकदम अडखळून कलली. तिच्या पोटाखालची फळी माशांच्या जाळ्यात अडकली होती.

"हा काय मासळीबाजार आहे?" डॉक्टर ओरडले. "काप ते!"

मी चाकू घेऊन पाण्यात उतरले. जाळं हातात आलं आणि मला कळलं. पांढऱ्या जाळ्याला निळ्या दोऱ्याचं ठिगळ होतं. ते मीच विणलं होतं. दिवाळीत, ओट्यावर बसून. दुसरं टोक बाबांनी पायाच्या अंगठ्यात ताणून धरलं होतं.

आमच्या गावात जाळं कापत नाहीत. कोणी अडकला तर तो हाक मारतो, जाळ्याचा मालक येतो, आणि दोघं पाण्यात राहून एकेक धागा सोडवतात. वर्षानुवर्षं भांडण असलेली दोन घरंही पाण्यावर एवढं पाळतात. मला हे चालता येण्याच्या आधीपासून माहीत आहे. सोडवायला अर्धा तास लागला असता.

मी कापलं. चार झटक्यांत.

"कोणाचं आहे गं हे?"

"माहीत नाही सर. असेल गावातल्या कोणाचं."

"तू नाही हं वाटत यांच्यातली," डॉक्टर हसून म्हणाले. "बोलणं किती स्वच्छ आहे तुझं."

आणि मला बरं वाटलं. हेच लिहायला सगळ्यात जड जातंय. माझ्या तोंडावर माझ्या माणसांचा अपमान झाला आणि मला बरं वाटलं.

तेवढ्यात बाबा आले. ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून त्यावर बसलेले, दोन्ही हातांत प्लॅस्टिकच्या ताटल्या. तीच त्यांची वल्ही. सकाळी जाळं उचलायला ते रोज असेच येतात.

"आली बघा स्पीडबोट!" मागच्या कयाकमधून एक जण म्हणाला.

"काका, शोल्डर काय आहेत यार! कोणत्या जिमला जाता?"

सगळे हसले. बाबाही थोडं हसले. मग त्यांनी पाण्यावर पसरलेले जाळ्याचे दोन तुकडे पाहिले. मग मला पाहिलं. चाकू माझ्याच हातात होता.

"चुकलं मॅडम," ते म्हणाले. "जातो मी."

मॅडम. मला.

माझी नोकरी टिकावी म्हणून माझ्या बापाने मला परकी केलं, आणि मी मान हलवली. मॅडमने हलवावी तशी.

मी पत्रकांवर वाढलेली पोरगी आहे. आमची जमीन या धरणाच्या पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांच्या सभांची पत्रकं घरी यायची. बाबांना वाचता येत नाही. मी मोठ्याने वाचायचे, ते विडी विझवून ऐकायचे. सोळाव्या वर्षी मी स्वतः पत्रक लिहिलं: 'जमीन गेली, निदान पाण्यावर तरी हक्क द्या.' ते गावभर वाटलं. ते वाक्य लिहिणारा हात आणि तो चाकूवाला हात एकच.

संध्याकाळी बाबा ओट्यावर जाळं जोडत होते. मी दोरा उचलला.

"राहू दे," ते म्हणाले. "हाताला वास लागंल. उद्या ड्युटी हाय ना तुझी?"

आई आतून ओरडली, "अहो, कोणत्या मेल्यानं कापलं, ते तरी सांगा!"

"खडकाला फाटलं गं," बाबा म्हणाले.

त्यांनी मला एक शिवी दिली असती तरी मला आधार वाटला असता. त्यांनी काहीच दिलं नाही. मी त्या रात्री जेवले आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. सहा दिवस गेले. हे सहा दिवसही माझ्या गुन्ह्यात धरा.

पुढच्या रविवारी मॅनेजरने मला नवा चाकू दिला. चांगला, दातेरी.

"आजपासून बॅच उतरायच्या आधी पाणी साफ करून घ्यायचं. जितकी जाळी दिसतील तितकी."

सगळे लाइफ जॅकेटं चढवून उभे होते. डॉक्टरही होते.

"नाही कापणार," मी म्हणाले. "मागच्या रविवारी कापलं ते माझ्या बापाचं होतं. ट्यूबवर आले होते ते माझे वडील. मला माहीत होतं आणि मी कापलं. मी त्यांच्यातलीच आहे."

मग डॉक्टर हळूच म्हणाले, "अगं, मग तेव्हाच सांगायचंस ना!"

ते ऐकताना मला कळलं, की जाळं माझ्या बापाचं नसतं तरी ते कापायचं नव्हतं.

"विचार कर," मॅनेजर म्हणाला. "कापायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

मी चाकू टेबलावर ठेवला. जॅकेट काढून त्याच्या शेजारी ठेवलं. घरी जाऊन आईला सांगितलं, की खडक मी होते. ती माझ्याशी अजून नीट बोलत नाही. तिने बोलावं असं मी म्हणणारही नाही.

मला माफी नको. यापुढे कोणी विचारलं तर बापाचं नाव आधी सांगेन, मग माझं. आणि माझ्या हाताने कोणाचं जाळं तुटणार नाही.

तुम्ही मात्र पाण्यावर जरूर या. वल्हवा, घाम गाळा, खांदे कमवा. पाणी सगळ्यांना पुरेल एवढं आहे. फक्त होडी लोटण्याआधी काठावरच्या माणसाला विचारा, "जाळी कुठे लावलीत?" आणि ओळीने तरंगणाऱ्या रिकाम्या बाटल्या दिसल्या तर सुकाणू वळवा. तिथे कोणाचं तरी जाळं आहे. अडकलात तर कापू नका. हाक मारा. जाळ्याचा मालक येईल. तो येईपर्यंत थांबा आणि त्याच्याबरोबर पाण्यात उतरून एकेक धागा सोडवा.

येत्या रविवारी एवढं करा.