नागनदीकाठचे आमचे रविवार

डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलं, म्हणून मी डोंगरे सरांच्या ग्रुपमध्ये गेले. इतिहासाचे हे निवृत्त मास्तर दर रविवारी सकाळी आम्हा पाच-सहा जणांना महाल वस्तीच्या मागं, नागनदीच्या काठानं फिरवतात. जुन्या जागांची माहिती मी वहीत उतरवून घ्यायचं ठरवलं होतं. दोन वर्षांत वही भरली. माहितीची पानं जेमतेम चार, बाकी सगळे किस्सेच!

पहिल्याच रविवारी मी बोलून गेले, "सर, हा नाला ओलांडायचा का?"

ओट्यावर दाढी करत बसलेले एक आजोबा थांबले. अर्ध्या गालाला साबण तसाच.

"नाला नको म्हणू वं. मी इच्यातच पोहाले शिकलो."

मी माफी मागितली. त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला. तेव्हापासून ग्रुपमध्ये तो शब्द कोणी काढत नाही.

*

एका घरासमोर सरांना जुन्या घाटाची पायरी सापडली. कमळ कोरलेली. सर हरखून तिथंच बसले आणि अर्धा तास घाटाबद्दल सांगत राहिले. घरच्या काकू परात घेऊन शांतपणे उभ्या. सर थांबले तेव्हा म्हणाल्या, "झालं असन तर सरकता का जरासे? पापड वाळू घालाचे आहेत."

निघताना सरांच्या हातात दोन भाजलेले पापड होते.

*

मेश्रामताई नरखेडकडच्या. त्यांचे आजोबा छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी गावाहून आले, तेव्हा नदीकाठच्या कुठल्याशा घरी उतरले होते. घर कोणाचं, ते आजोबांना कधी सांगता आलं नाही. ताई गल्लीगल्लीत विचारायच्या. शेवटी एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलं, की तेव्हा इथं घरोघरी पाहुणे होते, नाव कोणी कोणाला विचारलंच नाही.

ताई गल्लीच्या तोंडाशी गेल्या. तिथं उभं राहून त्यांनी सगळ्या घरांना मिळून एकदाच हात जोडले.

*

नदीला लागून असलेल्या एका अंगणात शेजारच्या गच्चीला टेकवलेली शिडी आहे. मी तिथल्या सुमनबाईंना सहज विचारलं.

मधल्या भिंतीवरून शेजाऱ्याशी भांडण झालेलं. अकरा वर्षं बोलणं बंद. मग एका पावसाळ्यात सकाळीच नदी घरात शिरली. गल्लीतही पाणी, बाहेर पडायची सोय नाही. थकलेल्या सासूला धरून बाई अंगणात कमरेइतक्या पाण्यात उभ्या. तेवढ्यात वरून शिडी उतरली, पाठोपाठ शेजारी. त्यानं सासूला पाठीवर घेऊन वर नेलं, मग बाईंना हात दिला. दोन दिवस दोघी त्याच्याच घरी जेवल्या.

"मग आता बोलता ना?" मी विचारलं.

"नाही बा. भिंतीचं भांडण आहेच." त्यांनी शिडीची खालची पायरी पदरानं पुसली. "पण शिडी ना त्यानं नेली, ना मी काढू देली."