अप्पांचा वीर

नारळाशी असं वैर धरलेला माणूस आख्ख्या आळंदात दुसरा सापडायचा नाही. हे आमचे चुलत सासरे, अप्पा. उमरग्याच्या रस्त्याला आधी तुरीची शेतं होती, आता प्लॉट पाडून ले-आऊट झालंय. तिथं बांधावर एक वीरगळ उभा होता, म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाचा कोरलेला दगड. अप्पा रोज सकाळी आपला जुना दात घासायचा ब्रश घेऊन त्याचं नाकतोंड घासायचे. मी त्यांचा चहा तिथंच पोचवायची. चुलत सासूबाई म्हणायच्या, "माझं तोंड कधी इतकं निरखून बघितलं न्हाई ह्यांनी." तेलाची वाटी घेऊन कुणी आलं की अप्पा आडवे यायचे. एकदा एक नवरदेव वऱ्हाडासकट नारळ फोडायला आला. अप्पांनी त्याच्या हातातून नारळच काढून घेतला. "कामून फोडायलास? देव न्हाई त्यो, माणूस हाय. तुझ्यासारखाच नटूनथटून निघाला व्हता, आन् मेला." नवरी रडायला लागली. त्या नारळाची चटणी मीच वाटली.

पुढं ले-आऊटच्या मालकानं कमान बांधायला काढली, वर सिमेंटचे दोन चंदेरी घोडे. वीरगळ नेमका रस्त्यात येत होता. जेसीबी आला तेव्हा मी चहा घेऊन उभीच होते. मालक हसत म्हणाला, "अप्पा, देव असता तर रस्ता वळवला असता. पण देव न्हाई, हे तुम्हीच सांगत फिरताय की."

अप्पांनी हातातला ब्रश खिशात घातला. मग मला म्हणाले, "सूनबाई, घरातला शेंदूर आण. तेल बी आण."

मी आणून दिलं. सगळ्यांदेखत त्यांनी आपल्या हातानं दगड माखला, आधी वीराचा चेहरा, मग त्याच्या खालचा कोरलेला घोडा. जेसीबीच्या ड्रायव्हरनं खाली उतरून चप्पल काढली, हात जोडले. रस्ता वळला.

आता तिथं पत्र्याचं देऊळ आहे, फरशी आहे, कमिटी आहे. दर अमावास्येला नवा थर चढतो. वीराचा नुसता लाल गोळा झालाय. नव्या बंगल्यांतली माणसं फोटो काढतात ते चंदेरी घोड्यांपाशी. परवा अप्पा जाळीतून वाकून बघत होते, तर कमिटीतला पोरगेला माणूस म्हणाला, "ओ काका, चप्पल बाहेर." त्यांनी मुकाट्यानं काढली.

घरी येताना वाटेत थांबून त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, आपल्या वीराला मिशी व्हती का गं?"

"व्हती की, अप्पा," मी म्हणाले.

सासऱ्यांपुढं मान वर करायची आमच्यात रीत नाही. इतकी वर्षं चहा घेऊन उभी राहिले, पण त्याच्या तोंडाकडं मी कधी बघितलंच नव्हतं.