त्रिंगानं बुजवलेलं बीळ

त्रिंगा माझी मोठी जाऊ. तिच्या हातचं चीज डोंगरातल्या या आमच्या गावात दुसऱ्या कुणाला साधत नाही, हे मी आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, हिला जावेचं काही चांगलं दिसतच नाही. उंच, काटक बाई. डोक्यावरचा पांढरा रुमाल कधी तिरका नाही. पण शेजाऱ्याच्या गाईला कालवड झाली तरी हिच्या पोटात दुखतं. माझ्या लग्नातला कमरपट्टा हिच्यापेक्षा रुंद होता, ते अजून बोलून दाखवते.

भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा दगडी घराच्या मधोमध भिंत आली. मेंढ्या, कुरण, भांडी, सगळं बिनबोभाट वाटलं गेलं. वाटता आली नाही ती वितोरे, आमच्या घराची नागीण. घराचं दैव तिच्यात असतं. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला तरच ती घर सोडते. तिचं बीळ दोन्ही घरांच्या मधल्या, जुन्या चुलीच्या भिंतीत, तोंडं दोन्हीकडं. त्रिंगाची बाजू उत्तरेची, गार. माझ्या चुलीशी दुपारी खिडकीतून ऊन येतं. वितोरे तिथंच येऊन पसरायची. मी छातीवर क्रूस काढायची आणि म्हणायची, "ये बाई, घर तुझंच आहे."

त्यातच माझ्या सुनेला दिवस गेले. त्रिंगाचा एकुलता एक लाझर इटलीत. डोईचे केस विरळ झाले तरी बिनलग्नाचा. शेवटी त्याचं जमलं, नवरी द्राक्षांच्या हंगामानंतर यायची ठरली.

"तुझं काय बाई," त्रिंगा कुंपणापलीकडून म्हणाली, "दैव तुझ्या चुलीशी लोळतंय. माझ्या सुनेच्या वाट्याला काय, उंदीर?"

"मी काय दोरीनं बांधून ठेवलंय तिला?"

"दूध पाजत असशील चोरून!"

"मग तुम्हीही पाजा की, जाऊबाई."

तिनं खरंच आपल्या बाजूच्या बिळाशी दुधाची बशी ठेवली. तिचं मांजर तेवढं लठ्ठ झालं.

एका रविवारी मी चर्चमधल्या मिस्साहून परतले, तर माझ्या बाजूचं बीळ चुन्यानं लिंपलेलं. बोटांचे ठसे अजून ओले.

"उंदीर शिरत होते," त्रिंगा म्हणाली. "तुझ्याच भल्यासाठी केलं."

आमचे हे पहार घेऊन निघाले. मी म्हटलं, "हात लावू नका. जिनं बुजवलं तीच उघडेल." देवमातेपुढं मेणबत्ती लावली, पण ओठ प्रार्थना म्हणत होते आणि डोळ्यांपुढं वितोरे त्रिंगाच्या चुलीशी बसलेली.

पण ती तिकडंही गेली नाही. गवताची कापणी झाली, मका डोक्याएवढा वाढला, वितोरे कुणालाच दिसली नाही. पुढं झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. आम्ही दोघी जावा पाण्याला गेलो तेव्हा शेजारची म्हातारी बार्धे म्हणाली, "वर कुणीतरी पाणी अडवतंय, पोरींनो. ज्या सापावर माणसाची नजर पडत नाही, तो मग साप उरत नाही. लपून लपून त्याला पंख फुटतात, केस उगवतात, तोंडं वाढतात, त्याची कुलशेद्रा होते. मग ती झऱ्यावर बसते आणि पाण्यासाठी माणूस मागते. तुमची वितोरे बरी आहे ना?"

"बरी आहे की," त्रिंगा म्हणाली. "माझ्याकडंच असते."

"शेवटची कधी दिसली?"

त्रिंगानं अर्धी भरलेली घागर उचलली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पहार घेऊन माझ्या स्वयंपाकघरात. विचारपूस नाही की बस-उठ नाही.

"सरक."

"का हो जाऊबाई, उंदीर कोंडले वाटतं?"

"गप बस! उद्या नवरी उंबरठ्याशी येईल आणि भिंतीतून कुलशेद्रा बाहेर पडेल. लाझरला काय सांगू मी? तुझ्याकडं येत होती ते सलत होतं मला, पण निदान दिसत तरी होती!"

चुना फुटला. आत काळोख. मी स्टूल पुढं केलं, ती बसली, मीही शेजारी बसले. कॉफी केली, ती तिनं घेतली आणि साखर कमी आहे म्हणाली. ऊन सरकत सरकत चुलीशी आलं तेव्हा बिळातून एक डोकं बाहेर आलं. काळपट, म्हातारं, एकच. पंख नाहीत, केस नाहीत. आमचीच वितोरे. ती उन्हात पसरली.

त्रिंगानं पहार टाकली नि हाका मारत सुटली. आमचे हे आले, माझी अवघडलेली सून आली. "बघा, सगळे बघा, नीट बघा तिला!" तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मग माझ्याकडं वळली. "तूही बघ. पण माझ्यापेक्षा जास्त वेळ नको."