साहेबांनी खाल्लेल्या शेंगा

कारखान्याचं मळीचं घाण पाणी गावाला वळसा घालून नेमकं आमच्या बौद्धवाड्याच्या विहिरीकडं यायचं. उतारच तिकडं आहे, असं कारखानावाले म्हणायचे. चर मात्र त्यांनीच खणलेला. आम्ही मोर्चा काढला तेव्हा कुठं पाणी तपासणारे एक साहेब आले. त्यांनी विहिरीवर बाटली भरली आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "पाणी चांगलं आहे."

घरी आईनं तांब्या पुढं केला, तर नको म्हणाले. माझं डोकंच फिरलं. आमच्या हातचं पाणी चालत नाही होय! पण आईनं भाजलेल्या शेंगा दिल्या, त्या त्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या आणि वर स्वतःच्या बाटलीतलं पाणी प्यायले.

ते गेल्यावर आई म्हणाली, "त्येला आपला विटाळ न्हाय रं. इहिरीचं भ्या हाय."