गोधडीतला भात

परवा गॅस संपत आला होता, म्हणून भाताला उकळी येताच पातेलं उतरवून मी जुन्या चादरीत गुंडाळलं. सुती कापडाला वाफेचा वास सुटला आणि मनवेलपाड्याची आमची चाळीतली खोली आठवली.

गॅस वाचावा म्हणून आई रोज असाच गोधडीत भात शिजवायची. एका दुपारी सातिवलीच्या कारखान्यातून बाबांऐवजी त्यांचे सोबती आले. “वहिनी, छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं, पण नाही वाचले.”

संध्याकाळी शेजारच्या काकू मला जेवायला वाढण्यासाठी गोधडी सोडू लागल्या. आईने त्यांचा हात धरला. “राहू दे बांधलेलं. यांचा भात निवेल.”

तेव्हा वाटलं, आईला काही कळलेलंच नाही. आता कळतं, बाबांसाठी करण्यासारखं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.