जिवंत माणसाची निधनवार्ता

पेपरच्या कचेरीत तिला सगळे चित्रगुप्तबाई म्हणत. मागच्या पानावरच्या निधनवार्ता तिच्याकडे होत्या, आणि तिच्या परवानगीशिवाय शहरात कुणाला मरता येत नाही, अशी छपाईवाल्यांची थट्टा होती. थट्टेत तथ्य होतं. बातमी कुणीही आणून देवो, ती त्या घरी किंवा शेजारी स्वतः फोन करायची. रडणाऱ्याला "खरंच गेले का हो?" विचारणं जिवावर येई. तरी विचारायची, आणि मग पलीकडचा माणूस बोलेल तेवढं ऐकून घ्यायची.

नवे व्यवस्थापक आले ते बुडता पेपर वाचवायला. खप उतरला होता, जाहिराती मोबाइलकडे पळाल्या होत्या. तेव्हा त्यांची घाई अगदीच खोटी नव्हती. त्यांनी निधनवार्तांचा ऑनलाइन फॉर्म काढला. पैसे भरा, फोटो जोडा, बातमी आपोआप पानात. तिच्या टेबलावरचा फोन काढून नेला.

"मॅडम, लोक दुःखात असतात. त्यांची उलटतपासणी कशाला?"

"दुःखात आहेत की नाहीत, तेच तर विचारते मी."

घरी आईचा धोशा वेगळाच. "अगं, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? या वयात दुसरी नोकरी कोण देणार तुला?"

"मासा आहे की मगर, ते तर बघू दे."

"तू बघत बस. महिनाअखेरीला वाण्याचं बिल मगरीकडे पाठवते मी."

महिना उलटायच्या आत एका दुपारी निवृत्त पोस्टमास्तर धापा टाकत जिना चढून आले. त्यांनी त्या दिवशीचा पेपर तिच्यापुढे पसरला. मागच्या पानावर त्यांचाच हसरा फोटो.

"गाडी लावण्यावरून शेजाऱ्याशी वाजलंय माझं. हे त्याचंच काम. फोटोही त्याच्या मुलाच्या लग्नातला आहे," ते म्हणाले. "सकाळपासून लोक फुलं घेऊन येतायत, त्याचं एक वेळ हसू येतं. पण बहीण रडत रडत आली, आणि दार मीच उघडलं! जागीच कोसळली. दवाखान्यात आहे आता. बाई, मला भरपाई नको. मी आहे, एवढं छापा. इथेच, याच जागी."

ती तडक व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये गेली.

"वेबसाइटवरून काढलंय," ते म्हणाले. "छापलेलं उद्या रद्दीत जाईल. तांत्रिक बिघाड होता म्हणून सांगा त्यांना."

"यंत्राला सांगितलं तसं त्याने केलं. बिघाड कसला? विचारलं नाही आपण."

"आपलं चुकलं असं छापलं तर फॉर्म कोण भरेल? आणि पेपरच बंद पडला तर तुमची नीती छापणार कुठे?"

प्रश्न तिला लागला. इथल्या प्रत्येकाची चूल त्या पेपरवर पेटत होती, तिचीसुद्धा. पण ती हटली नाही. "नाही छापलं तर लोक रोज सकाळी आधी स्वतःचा फोटो शोधतील, मग चहा घेतील."

संध्याकाळी तिने त्याच जागी, तेवढीच चौकट लावली: 'काल ज्यांच्या निधनाची बातमी येथे आली, ते हयात आहेत. आम्ही घरी विचारले नाही. चूक आमची आहे.'

चौकट काढा, असा केबिनमधून निरोप आला. तिने काढली नाही आणि पान छपाईला सोडलंही नाही.

"बाई, यंत्र उभं आहे!" छपाईवाला दारातून ओरडला.

"राहू दे उभं. माणूस आडवा केलाय आपण."

व्यवस्थापक स्वतः आले. "सोडताय, की मी सोडू?"

ती खुर्चीतून उठली. "सोडा ना. चौकट काढा, माझं नाव काढा, पानाखाली तुमचं टाका. दवाखान्यातून बहीण घरी आली की दोघं भावंडं कुणाला भेटायला येतील, ते मग आपोआप ठरेल."

त्यांनी माउस हातात घेतला. पडद्यावरची चौकट एकदा वाचली, पुन्हा वाचली. सगळा हॉल कामात असल्याचं सोंग करत होता.

"सोडा तुम्हीच," ते अखेर म्हणाले. "पण उद्यापासून तुम्ही इथे नाही."

तिने आधी पान सोडलं. मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "लेखी द्या. आणि कारण नीट लिहा, सर. जिवंत माणसाला जिवंत म्हटलं म्हणून काढलं."

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. खाली यंत्र धडधडू लागलं. तिने पर्स खांद्याला अडकवली.

"मी नेहमीच्या वेळेला येतेय. कागद तयार ठेवा, सहीसकट."